कांगारूची उडी आणि ब्रेकचे अंतर : मंदनविषयक प्रारंभिक उदाहरणांची समीक्षा

बीजसंज्ञा : एकरेषीय गती, त्वरण, मंदन, चिन्हसंकेत, उदाहरणलेखन, मराठी पाठ्यपुस्तक

प्रस्तावना

पाठ्यपुस्तकाची समीक्षा करताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः त्यातील प्रतिपादनाकडे जाते. व्याख्या अचूक आहेत काय, आकृत्या स्पष्ट आहेत काय, घटकांचा क्रम योग्य आहे काय, हे तपासले जाते. सोडवून दाखवलेली उदाहरणे आणि स्वाध्यायातील प्रश्न मात्र सरावाची सामग्री म्हणून बाजूला राहतात. वस्तुतः विद्यार्थी प्रतिपादन एकदोनदा वाचतो आणि उदाहरण अनेकदा सोडवतो. परीक्षेतही त्याची गाठ उदाहरणाशीच पडते. त्यामुळे विषय म्हणजे काय, याविषयीची त्याची धारणा मुख्यतः उदाहरणांतून घडते. या कारणास्तव उदाहरण हा एक स्वतंत्र लेखनप्रकार मानून त्याची चिकित्सा करणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात एकरेषीय गतीतील मंदनाची, म्हणजे वेग कमी होत जाण्याची, प्रारंभिक उदाहरणे विचारात घेतली आहेत. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाचे (बालभारती) २०१७ मधील इयत्ता नववीचे विज्ञानाचे पुस्तक आणि एनसीईआरटीची २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली नववी व अकरावीची पुस्तके यांतील निवडक उदाहरणे विवेचनासाठी घेतली आहेत. मंदनाचे उदाहरण हे आकडेमोडीच्या आधी वाचनाचे उदाहरण असते. ते ज्या पद्धतीने लिहिले व तपासले जाते त्या पद्धतीत नेमके हे वाचनच वगळले जाते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

उदाहरणाची परंपरा

गतीविषयीचे शाब्दिक उदाहरण आपल्याकडे पाश्चात्त्य शिक्षणाबरोबर आले, असा समज असल्यास तो दुरुस्त करावा लागेल. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) श्रेढीव्यवहारात एक उदाहरण आहे. शत्रूचे हत्ती हस्तगत करण्यासाठी निघालेला राजा पहिल्या दिवशी दोन योजने चालतो. त्यानंतर तो दररोज सारख्याच प्रमाणात आपली मजल वाढवतो आणि सात दिवसांत ऐंशी योजनांवरील शत्रूच्या नगरास पोहोचतो. तर रोजची वाढ किती, असा प्रश्न आहे. उत्तर बावीस सप्तमांश योजने असे येते. आजच्या परिभाषेत हे एकसमान त्वरणाच्या उदाहरणाचे पूर्वरूप म्हणता येईल. भेद इतकाच, की येथे वाढ क्षणाक्षणाने न होता दिवसादिवसाने होते.

या उदाहरणाचे दोन विशेष समीक्षकाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिला असा, की येथे गतीला हेतू आहे. राजा का निघाला आणि त्याने मजल का वाढवली, हे वाचकाला कळते. दुसरा विशेष उलट बाजूचा आहे. हिशेब पुढे नेल्यास सातव्या दिवशीची मजल वीस पूर्णांक सहा सप्तमांश योजने येते. चार क्रोशांचे एक योजन धरले तर ही एका दिवसाची मजल सुमारे ८३ क्रोश होते. कोणतेही पायदळ एका दिवसात इतके चालणार नाही. म्हणजे उत्तर गणिताने अचूक असूनही वास्तवात अशक्य असू शकते, ही अडचण आजच्या पाठ्यपुस्तकांनी निर्माण केलेली नाही. 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ असल्यामुळे तेथे ती क्षम्य मानता येईल. भौतिकशास्त्राच्या उदाहरणाला मात्र ही सवलत देता येत नाही, कारण उत्तर सृष्टीशी ताडून पाहणे हाच त्या शास्त्राचा धर्म आहे.

दोन पाठ्यपुस्तके, दोन दृष्टी

बालभारतीच्या नववीच्या पुस्तकातील पहिले प्रकरण 'गतीचे नियम' हे आहे. त्यात अंतर आणि विस्थापन, चाल आणि वेग, त्वरण, आलेख व गतीची तीन समीकरणे असा विषय क्रमाने येतो. आलेखाच्या साहाय्याने केलेली समीकरणांची सिद्धता हा या प्रकरणाचा गुण होय. समीकरणांच्या वापरासाठी सोडवून दाखवलेल्या उदाहरणांत धावपट्टीवरील विमान, उंच उडी घेणारा कांगारू आणि विराम अवस्थेतून निघणारी मोटारबोट ही तीन उदाहरणे ठळक आहेत. विमान ३० सेकंद ३.२ मी/से² या त्वरणाने धावते व १४४० मीटर अंतर कापते. मोटारबोट ५ सेकंदांत १५ मी/से वेग गाठते. ही दोन्ही उदाहरणे वेग वाढण्याची आहेत. वेग कमी होण्याचे उदाहरण उरते ते कांगारूचे : तो २.५ मीटर उंच उडतो, तर उडी घेतानाचा त्याचा वेग किती? गुरुत्व त्वरण वेगाच्या विरुद्ध दिशेने असल्यामुळे ९.८ ही संख्या ऋण घ्यायची, आणि उत्तर ७ मी/से येते.

एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात याच ठिकाणी मोटारगाडीचे ब्रेक येतात. ब्रेकमुळे गतीच्या विरुद्ध दिशेने ६ मी/से² त्वरण निर्माण होते आणि गाडी २ सेकंदांत थांबते, तर या अवधीत ती किती अंतर कापेल, असा प्रश्न आहे. आरंभीचा वेग १२ मी/से आणि अंतर १२ मीटर असे उत्तर मिळते. अकरावीच्या पुस्तकात हाच धागा पुढे नेला आहे. थांबण्यासाठी लागणारे अंतर आरंभीच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तेथे सूत्राने दाखवले आहे. जोडीला एका गाडीची निरीक्षणे दिली आहेत : ११, १५, २० व २५ मी/से या वेगांसाठी अनुक्रमे १०, २०, ३४ व ५० मीटर. या चार जोड्यांवरून मंदन काढून पाहिले असता ते अनुक्रमे सुमारे ६.१, ५.६, ५.९ आणि ६.३ मी/से² येते. म्हणजे नववीच्या उदाहरणातील ६ हा आकडा मनास येईल तसा घेतलेला नाही. प्रत्यक्ष गाडीच्या मंदनाच्या तो निकट आहे. दोन वर्षांच्या अंतराने येणाऱ्या या दोन उदाहरणांतील ही सुसंगती पुस्तकात कोठे सांगितलेली नाही. शिक्षकाने ती दाखवून दिल्यास वर्गाचा मोठा लाभ होईल.

त्याच पुस्तकात पुढे प्रतिक्रियाकालाचे उदाहरण येते. मित्राने सोडलेली उभी पट्टी अंगठा व तर्जनी यांत पकडायची आणि ती किती घसरली यावरून काळ काढायचा. २१ सेंटिमीटरसाठी तो सुमारे ०.२ सेकंद येतो. या प्रयोगाला एक पट्टी पुरते. साधनांची वानवा असलेल्या ग्रामीण शाळेतही तो दहा मिनिटांत होऊ शकतो.

या तुलनेवरून राज्याचे पुस्तक कनिष्ठ आणि राष्ट्रीय पुस्तक श्रेष्ठ असा सरसकट निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. कांगारूचे उदाहरण आकर्षक आहे, त्यातील संख्या सोप्या आहेत आणि उत्तर पूर्णांकात येते. शिवाय ऋण चिन्ह का घ्यायचे, याचे कारणही तेथे दिले आहे. प्रश्न असा, की मंदनाची कल्पना रुजवण्याचा सगळा भार या एका प्राण्यावर टाकता येईल काय?

'ऋण त्वरण म्हणजे मंदन' या समीकरणाची चिकित्सा

नववीच्या पुस्तकात वेग वाढत असेल तर त्वरण धन, वेग कमी होत असेल तर त्वरण ऋण, आणि ऋण त्वरण म्हणजेच मंदन, अशी मांडणी आढळते. बहुतेक शालेय पुस्तकांत व मार्गदर्शकांत ती याच स्वरूपात येते. प्रारंभिक टप्प्यावर ती सोयीची आहे. परंतु त्याच पुस्तकातील कांगारूला पाऊण सेकंद अधिक पाहिले की ती अपुरी पडते.

वर जाणारी दिशा धन मानली तर कांगारूचे त्वरण उणे ९.८ आहे. ७ मी/से वेगाने निघालेला कांगारू सुमारे ०.७१ सेकंदाने सर्वोच्च बिंदूला पोहोचतो. तोवर त्याचा वेग कमी होत जातो आणि मांडणी बरोबर ठरते. त्यानंतर तो खाली येऊ लागतो. आता त्याची चाल वाढत असते. पण त्वरण पूर्वीइतकेच, उणे ९.८ राहते. ऋण त्वरण म्हणजे मंदन ही व्याख्या घेतली तर खाली पडणाऱ्या कांगारूची चाल वाढत असताना त्याचे मंदन होत आहे, असे म्हणावे लागेल. पुस्तकातील उदाहरण सर्वोच्च बिंदूपाशी संपते म्हणून ही विसंगती झाकली जाते.

याची दुसरी बाजूही पाहावी. पूर्व दिशा धन मानली आणि गाडी पश्चिमेकडे १२ मी/से वेगाने जात असताना ब्रेक लागला, तर वेग उणे १२ आणि त्वरण अधिक ६ येते. येथे त्वरण धन असूनही गाडी मंदावत आहे. सारांश, चिन्ह हे निवडलेल्या दिशेवर अवलंबून असते आणि मंदन हे वेग व त्वरण यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असते. दोन्हींच्या दिशा विरुद्ध असतील तेव्हाच मंदन होते. व्याख्या इतक्या शब्दांत बसते. ती देण्यास जागेची अडचण नाही.

ही केवळ परिभाषेची काटेकोरी नव्हे. डेव्हिड ट्रोब्रिज आणि लिलियन मॅकडरमॉट यांनी १९८० व १९८१ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मधून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वेग व त्वरण या संकल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अध्यापन पूर्ण झाल्यानंतरही अनेक विद्यार्थी वेग आणि वेगातील बदल यांत गल्लत करतात, असे त्यातून दिसून आले. विद्यापीठस्तरावर ही स्थिती असेल तर नववीच्या विद्यार्थ्याला चिन्ह आणि संकल्पना एकच आहेत असे सांगणे म्हणजे पुढील गोंधळाची पायाभरणी करणे होय.

सूत्र कोठे थांबते?

ब्रेकच्या उदाहरणात एक सूक्ष्म सापळा आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. गाडीचा वेग १२ मी/से, मंदन ६ मी/से². ब्रेक लागल्यापासून ३ सेकंदांत ती किती अंतर कापेल? दुसऱ्या समीकरणात किमती घातल्या तर १२ गुणिले ३ म्हणजे ३६, त्यातून अर्धा गुणिले ६ गुणिले ९ म्हणजे २७ वजा केले, उत्तर ९ मीटर. परंतु हीच गाडी २ सेकंदांत १२ मीटर जाऊन थांबली होती. याचा अर्थ तिसऱ्या सेकंदात ती ३ मीटर मागे आली! सूत्र बरोबर, किमती बरोबर, आकडेमोड बरोबर आणि उत्तर असंभव.

असे का होते, याचे उत्तर गतीच्या समीकरणांत सापडत नाही. ते मंदनाच्या कारणात सापडते. ब्रेक व रस्ता यांचे घर्षण गाडीच्या गतीला विरोध करते आणि गाडी थांबताच सपाट रस्त्यावर ते नाहीसे होते. घर्षण गाडीला थांबवू शकते, मागे ढकलू शकत नाही. म्हणून समीकरण दुसऱ्या सेकंदाअखेर थांबवावे लागते. कांगारूच्या बाबतीत मात्र मंदनाचे कारण गुरुत्व आहे. सर्वोच्च बिंदूपाशी वेग शून्य झाला तरी गुरुत्व नाहीसे होत नाही, म्हणून कांगारू खरोखरच परत येतो. तेथे समीकरण पाय जमिनीला टेकेपर्यंत चालू राहते.

दोन्ही उदाहरणांत सूत्र एकच आहे, चिन्ह एकच आहे आणि 'मंदन' हा शब्दही एकच आहे. परंतु थांबल्यानंतर काय होते, याचे उत्तर परस्परविरुद्ध आहे. ज्या विद्यार्थ्याने फक्त कांगारू सोडवला आहे, त्याला ब्रेकचे वेगळेपण कळण्याचा मार्ग नाही. ज्याने फक्त ब्रेक सोडवला आहे, त्याला कांगारूचे परत येणे सूत्रातच दडलेले आहे हे कळणार नाही. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली तरच मंदनाची कल्पना पूर्ण होते. राज्याच्या पुस्तकातील निवडीविषयीचा मुख्य आक्षेप हाच आहे.

येथे आणखी एका संशोधनाचा उल्लेख उचित ठरेल. लार्किन, मॅकडरमॉट आणि सायमन दांपत्य यांनी १९८० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तज्ज्ञ व नवशिके भौतिकशास्त्राची उदाहरणे कशी सोडवतात, याची तुलना मांडली. नवशिका विचारलेल्या राशीपासून मागे जात सूत्र शोधतो, तर तज्ज्ञ दिलेल्या परिस्थितीपासून पुढे जातो. आपल्या वर्गातील 'काय दिले, काय काढायचे, सूत्र कोणते' ही सर्वपरिचित तीन ओळींची मांडणी नवशिक्याची सवय दृढ करणारी आहे. तिच्यात 'काय घडत आहे' ही ओळच नाही.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे याशिवाय परिभाषेची अडचण उभी राहते. पुस्तकात 'गती' म्हणजे स्थान बदलण्याची क्रिया, 'चाल' म्हणजे एकक काळात कापलेले अंतर आणि 'वेग' म्हणजे दिशेसह विचारात घेतलेली चाल. व्यवहारात मात्र गावाच्या वेशीवरील 'गतिरोधक' चाल रोखतो आणि रस्त्यावरील 'वेगमर्यादा' दिशेची पर्वा करीत नाही. 'चाल' हा शब्द तर बोलीत माणसाच्या चालण्यासाठी, गाण्यासाठी आणि बुद्धिबळातील खेळीसाठी वापरला जातो. विद्यार्थी रोज वाचतो ते फलक आणि पुस्तक यांत विरोध आहे. तो लपवण्याऐवजी वर्गात उघड करणे हिताचे आहे. 'वेगमर्यादा' या शब्दात वेग आहे की चाल, एवढा एक प्रश्न संपूर्ण तासाला पुरेल.

त्वरणाचा विरोधी शब्द म्हणून 'मंदन', 'अवत्वरण' आणि 'ऋण त्वरण' असे तीन पर्याय प्रचलित आहेत. वरील विवेचनाच्या प्रकाशात त्यांत निवड करता येते. 'ऋण त्वरण' हा चिन्ह सांगणारा शब्द आहे. 'मंदन' हा घटना सांगणारा शब्द आहे. दोहोंना समानार्थी न मानता त्यांचे काम वाटून दिले तर मराठी परिभाषा अधिक काटेकोर ठरेल. पुढे कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेचे अध्यापन इंग्रजीतून होते आणि विद्यार्थ्याला 'ॲक्सिलरेशन', 'रिटार्डेशन' हे शब्द एकाएकी भेटतात. जी संकल्पना मातृभाषेत चिन्हापुरतीच कळलेली असते, ती भाषांतरात टिकत नाही. जी घटना म्हणून कळलेली असते, ती शब्द बदलला तरी टिकते. अकरावीच्या वर्गात 'इंग्रजी कच्चे' म्हणून जी तक्रार होते, तिच्यातील काही भाग खरे तर नववीतील अपुऱ्या उदाहरणांचा असतो, असे म्हणता येईल.

युसूफ वडगावचा रस्ता : एका पर्यायी उदाहरणाची मांडणी

समीक्षेने उणिवा दाखवून थांबू नये, पर्यायही द्यावा, या भूमिकेतून एक उदाहरण येथे मांडले आहे. युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड) परिसरात हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वाहतूक ही नित्याची बाब आहे. रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेली, मागे परावर्तक नसलेली ट्रॉली हा येथील विद्यार्थ्याच्या परिचयाचा धोका आहे. उदाहरण असे :

'युसूफ वडगावहून केजकडे रात्री मोटारसायकलवर जाणाऱ्या व्यक्तीला दिव्याच्या प्रकाशात ३० मीटर अंतरावर उभी ट्रॉली दिसते. ट्रॉली दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत १ सेकंद जातो. त्यानंतर ६ मी/से² मंदन होते. वेग ताशी ५० किलोमीटर असेल तर काय होईल? ताशी ६० किलोमीटर असेल तर काय होईल?'

यातील आकडे गृहीत धरलेले आहेत, हे विद्यार्थ्यास सांगावे. रस्ता ओला असल्यास किंवा चालक थकलेला असल्यास कोणता आकडा बदलेल, हेही विचारावे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे १३.९ मी/से. पहिल्या सेकंदात १३.९ मीटर अंतर जाते. ब्रेक लागल्यावर वेगाचा वर्ग भागिले १२ या प्रमाणे सुमारे १६.१ मीटर लागतात. बेरीज ३० मीटर. मोटारसायकल ट्रॉलीला जवळजवळ टेकून थांबते.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे १६.७ मी/से. पहिल्या सेकंदात १६.७ मीटर गेले, उरले १३.३ मीटर. थांबण्यासाठी मात्र २३.१ मीटर हवेत. तिसऱ्या समीकरणाने धडकेच्या क्षणीचा वेग काढला, तर सुमारे २७७.८ मधून १६० वजा जाऊन ११७.८ उरतात, त्याचे वर्गमूळ १०.९ मी/से, म्हणजे ताशी सुमारे ३९ किलोमीटर. वेग केवळ १० किलोमीटरने वाढवला आणि धडक ३९ किलोमीटरच्या वेगाने झाली.

दहा किलोमीटर अधिक वेगाने गेल्यास धडक फार तर दहा किलोमीटरच्या वेगाची होईल, अशी सामान्य माणसाची अटकळ असते. वर्गाचे प्रमाण ही अटकळ मोडून काढते. उपदेशाने जे साधत नाही ते या एका वजाबाकीने साधते. या उदाहरणात गतीचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात वेग स्थिर, दुसऱ्यात मंदन. एकच सूत्र उचलून किमती घालण्याची सवय येथे चालत नाही. परिस्थिती वाचावी लागते, टप्पे पाडावे लागतात आणि उत्तर कोठे संपते हे ठरवावे लागते. गणित मात्र नववीच्या पातळीबाहेर जात नाही. परावर्तकाचे महत्त्वही यातूनच कळते : ट्रॉली ३० ऐवजी ६० मीटरवरून दिसली असती तर ताशी ६० किलोमीटरला लागणारे सुमारे ४० मीटर सहज मिळाले असते.

संभाव्य आक्षेप

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप, नवशिक्यास सोपे उदाहरणच द्यावे. हे मान्य आहे. परंतु सोपे आणि अपुरे यांत भेद आहे. कांगारू अवश्य ठेवावा, त्याच्या शेजारी ब्रेक ठेवावा, इतकीच सूचना आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. एमएचटी-सीईटीसारख्या बहुपर्यायी परीक्षांत एका प्रश्नाला फार थोडा वेळ मिळतो. तेथे परिस्थितीचे वाचन करीत बसणे परवडत नाही, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुपर्यायी प्रश्नातील चुकीचे पर्याय हे चिन्हाच्या व टप्प्यांच्या चुकांतूनच तयार केलेले असतात. वरील ९ मीटरचे उत्तर अशा प्रश्नात पर्याय म्हणून हमखास दिसेल. वाचनाची सवय असलेल्या विद्यार्थ्याचा वेळ वाचतो, जात नाही.

तिसरा आक्षेप मूल्यमापनाचा आणि तो अधिक गंभीर आहे. सूत्र, किमती, उत्तर व एकक यांस गुण देण्याची आपली रूढ पद्धत आहे. दिशा ठरवणारी आकृती काढणारा आणि उत्तर पटते काय हे तपासणारा विद्यार्थी या पद्धतीत काहीच अधिक मिळवत नाही. गाडी तिसऱ्या सेकंदात मागे आली असे उत्तर लिहिणाऱ्यास मात्र सूत्राचे व किमतींचे गुण मिळून जातात. या ठिकाणी दोष पाठ्यपुस्तकाचा कमी आणि तपासणाऱ्यांचा, म्हणजे आपला अध्यापकवर्गाचा, अधिक आहे. पुस्तक बदलण्यास शासनाचा निर्णय लागतो. अंतर्गत मूल्यमापनातील एक गुण आकृतीसाठी व एक गुण पडताळणीसाठी राखून ठेवण्यास बहुधा विभागातील सहमती पुरेशी ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'ऋण त्वरण म्हणजे मंदन' ही प्रचलित मांडणी अपुरी असून वेग व त्वरण यांच्या दिशा परस्परविरुद्ध असणे ही मंदनाची खूण म्हणून शिकवली जावी.

२. मंदनाची किमान दोन उदाहरणे, एक गुरुत्वाचे व एक घर्षणाचे, जोडीने द्यावीत आणि वेग शून्य झाल्यानंतर काय होते, हा प्रश्न दोन्हींत विचारावा.

३. 'काय दिले, काय काढायचे' यांच्या आधी 'काय घडत आहे' ही ओळ विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावी. कोणती दिशा धन मानली आणि गतीचे टप्पे किती, याचा उल्लेख तिच्यात असावा.

४. प्रतिक्रियाकाल आणि थांबण्याचे अंतर ही उदाहरणे नववीच्या स्तरावर मराठीत उपलब्ध करून द्यावीत. त्यांतील रस्ते, वाहने व प्रसंग विद्यार्थ्याच्या परिसरातील असावेत.

५. 'ऋण त्वरण' हा शब्द चिन्हासाठी व 'मंदन' हा शब्द घटनेसाठी, असा परिभाषेचा निश्चित वापर मराठी पुस्तकांत व्हावा.

यांपैकी पहिल्या तीन सूचनांसाठी नवे पुस्तक किंवा नवी साधने लागत नाहीत. चौथ्या सूचनेसाठी कनिष्ठ महाविद्यालयातील भौतिकशास्त्र विभाग आणि परिसरातील माध्यमिक शाळांचे विज्ञानशिक्षक यांनी एकत्र बसून दहाबारा उदाहरणे तयार केली तरी काम सुरू होईल. ती लिहिताना मराठीच्या अध्यापकांचे साहाय्य घेतल्यास उदाहरणांची भाषाही निर्दोष होईल. आपल्या वर्गातील पुष्कळ मुले विज्ञान शाखेकडे जाणार नाहीत, त्यांना हे सूत्र परीक्षेनंतर आठवणारही नाही. परंतु रात्री त्याच रस्त्याने मोटारसायकल चालवण्याची वेळ त्यांच्यातील बहुतेकांवर येणार आहे. उदाहरणे निवडताना या विद्यार्थ्यांचाही विचार होणे अगत्याचे आहे.